विरंगुळ्याची मर्यादा

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत, डहाणू, घोलवड आणि बोर्डी हा चिकूच्या वाड्यांचा किनारी पट्टा आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोर्डीत या चिकूपासून वाइन बनवणारा एक छोटा उद्योगही उभा राहिला आहे. सुरूच्या बनांची शांत चौपाटी, वाडीतला मुक्काम, पारशी व इराणी घरांतले जेवण आणि फळांची वाइन यांमुळे शनिवार-रविवारच्या सहलीसाठी मुंबईकर येथे येतात. महाराष्ट्रात वाइन म्हटले की नाशिकचे द्राक्षमळे आठवतात. फळांच्या वाइनचे समुद्रकाठचे असे ठिकाण मात्र विरळाच.

अशा सहलीमुळे धर्मविचारातला एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. कामातून मोकळे होण्यासाठी केलेल्या प्रवासाला आणि त्यातल्या मद्याला चांगल्या जगण्यात जागा आहे का? असेल तर तिची मर्यादा कशावरून ठरवायची? नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरसारख्या गावातून पाहिले, तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. या परिसरात गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी, मुसलमान, बावीस प्रतिज्ञा पाळणारा बौद्ध आणि रहित मर्यादा ही आचारसंहिता मानणारा शीख एकाच बाजारात भेटतात. चौघांच्याही धर्माने मद्य वर्ज्य ठरवले आहे. त्याच वेळी हे गाव केळीच्या बागांचे आहे, आणि नाशवंत फळाला भाव कसा मिळेल ही चिंता इथल्या शेतकऱ्याला घोलवडच्या बागायतदाराइतकीच आहे. म्हणून बोर्डीच्या सहलीचा विचार करताना विश्रांती, प्रवास, मद्य, त्या किनाऱ्याचा इतिहास आणि शेतकऱ्याचा लाभ या पाच बाबी क्रमाने पाहाव्या लागतात.

विश्रांतीचा अधिकार

आठवड्याची सुट्टी भारतातल्या कामगाराला आपोआप मिळालेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. सभा आणि अर्ज यांची मालिका चालवल्यावर १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबावे लागे. म्हणून रविवार ही श्रमिकांनी झगडून मिळवलेली वस्तू आहे. सहलीला चैन म्हणून हिणवताना हा इतिहास विसरता येत नाही.

धर्मविचारही विश्रांतीच्या विरोधात नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो हे सांगताना अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, अति झोपणारा आणि सतत जागणारा, असे दोघेही बाजूला ठेवले आहेत. आहार, विहार, कर्म आणि झोप यांत तोल राखणाऱ्याला योग साधतो, असे तिथले प्रतिपादन आहे. विहार, म्हणजे मन रमवण्यासाठी केलेले फिरणे, या यादीत आहाराच्या बरोबरीने आला आहे. ज्यू धर्मात सातव्या दिवशी काम थांबवणे ही आज्ञाच आहे, आणि ती नोकरचाकर व जनावरे यांनाही लागू होते. ॲरिस्टॉटलच्या मते करमणूक पुन्हा कामाला लागता यावे यासाठी असते, तीच आयुष्याचे साध्य होऊ शकत नाही.

यांतली ज्यू आज्ञा विशेष महत्त्वाची आहे, कारण तिच्यात विश्रांती सर्वांची मानली आहे. अर्धापूरच्या बागेत केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला शनिवार-रविवार नसतो. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी त्याला मजुरीही नसते. विश्रांती हा अधिकार असेल, तर काहींनाच तो मिळतो ही अन्यायाची बाब ठरते. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या न संपणाऱ्या राबण्यावर उभी राहू नये, ही विरंगुळ्याची पहिली नैतिक अट आहे.

यात्रा आणि सहल

मराठी माणूस शतकानुशतके प्रवास करत आला आहे, पण बहुतेक वेळा यात्रेकरू म्हणून. पंढरीची वारी, माहूर, तुळजापूर, औंढा नागनाथ ही त्याची ठिकाणे. केवळ मन रमवण्यासाठी दूर जाणे तुलनेने नवे आहे. म्हणून यात्रा पवित्र आणि सहल ऐहिक अशी विभागणी सहज केली जाते. परंपरेतच ही विभागणी पूर्णपणे मान्य नाही.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थांची मोठी यादी आहे. त्या यादीच्या आरंभीच, ज्याचे हातपाय आणि मन ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, अशी अट घातलेली आहे. अर्धापूरच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात संत नामदेवांचे नरसी आहे आणि औंढा नागनाथही आहे. परंपरा सांगते की नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकल्यावर, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले. आणि पाय ठेवावे तिथे लिंग दिसू लागले. या कथेत देवळाचे महत्त्व नाकारलेले नाही. देव एका जागी अडकलेला नाही, एवढे ती सांगते. मग जागा माणसाला आपोआप पवित्र करत नाही, तशी ती त्याला आपोआप भ्रष्टही करत नाही. चिकूची वाडी किंवा वाइनचे तळघर हे पापाचे ठिकाण ठरत नाही. तिथे गेलेल्या माणसाचे वागणेच निर्णायक ठरते.

तरीही यात्रा आणि सहल यांत एक खरा फरक आहे. यात्रेत पाहुणा आणि गाव यांचे नाते जुन्या कर्तव्यांनी बांधलेले असते. वारीच्या वाटेवरची गावे दिंड्यांना जेवू घालतात, आणि वारकरी गावाला पाहुण्याच्या नम्रतेने सामोरा जातो. सहलीत खोलीचा दर आणि जेवणाचे बिल यापलीकडे नाते जाण्याची सक्ती कोणावरच नसते. त्यामुळे सहलीला आलेल्या माणसाला तो प्रदेश केवळ देखावा वाटण्याचा धोका असतो. डहाणू-बोर्डीचा पट्टा तर देखाव्यापलीकडे फार मोठा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडीचा पायाभूत प्रयोग केला. त्याच वर्षी याच भागात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. आज वाढवण बंदरामुळे आपली मासेमारी धोक्यात येईल, म्हणून इथले मच्छीमार त्याला विरोध करत आहेत. हे ठाऊक असलेला प्रवासी गावाशी पाहुण्याच्या नात्याने वागू शकतो.

मद्याविषयी परंपरांचे म्हणणे

मद्याबाबत धर्मपरंपरा एकमुखी नाहीत. वैदिक यज्ञात सोमरसाला मोठे स्थान होते आणि सौत्रामणी यज्ञात सुरेचाही उपयोग होता. स्मृतींनी मात्र सुरापान महापातकांत घातले. जैन श्रावकाच्या मूलगुणांत मद्य, मांस आणि मध यांचा त्याग येतो. बुद्धाच्या पंचशीलातले पाचवे शील मादक पेयांपासून दूर राहण्याचे आहे, आणि त्याचे कारण प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हे दिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे. वारकऱ्याच्या माळेबरोबर मद्यमांसाचा त्याग येतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झालेल्या नांदेडमध्ये तख्त सचखंड हुजूर साहिब आहे. शीख रहित मर्यादेतही नशा वर्ज्य आहे.

इस्लाममधली बंदी टप्प्याटप्प्याने आली. मद्यात लोकांसाठी काही लाभ असला तरी हानी अधिक आहे, असे कुराणात एका ठिकाणी म्हटले आहे. पुढे नशेत नमाजाला उभे राहू नये असा आदेश येतो, आणि शेवटी पूर्ण त्याग सांगितला आहे. याच संस्कृतीतल्या फारसी कवितेत मद्य हे ईश्वरी प्रेमाचेही प्रतीक झाले. उमर खय्यामच्या रुबाया माधव ज्यूलियन यांनी मराठीत आणल्यावर तो सूर मराठी वाचकाला परिचित झाला.

दुसरीकडे मद्याला पूजेत स्थान देणाऱ्या परंपरा याच किनाऱ्यावर आहेत. पारशांची परंपरा सांगते की इराणमधून आलेले त्यांचे पूर्वज बोर्डीच्या उत्तरेस असलेल्या संजाणला उतरले. संजाणवर आक्रमण झाल्यावर पवित्र अग्नी इराणशाह बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरातल्या गुंफांत बारा वर्षे लपवून ठेवला गेला, असेही ती सांगते. हा अग्नी १७४२ पासून गुजरातेतल्या उदवाड्याला आहे. पारशांच्या जशन विधीत फळे, फुले, दूध आणि पाणी यांच्याबरोबर वाइनही मांडली जाते. पालघर जिल्ह्याच्याच दक्षिणेला वसईत पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती समाज आहे, आणि तिथल्या मिस्सामध्ये वाइन हा संस्काराचा भाग आहे. युरोपात बर्गंडीचे नामांकित द्राक्षमळे सिस्टर्शियन संन्याशांनी जोपासले. वारली समाजाच्या देवकार्यात आणि लग्नकार्यात ताडी व मोहाच्या दारूला मान आहे.

या सर्व परंपरा शेजारी ठेवल्या की मतभेद कशावर आहे आणि एकमत कशावर आहे हे स्पष्ट होते. पेय शुद्ध की अशुद्ध यावर मतभेद आहे. भान हरपण्याला मात्र कोणीही मान्यता दिलेली नाही. पारशी धर्मविचारात मित आस्वाद चालतो, पण मदाने बुद्धी झाकोळणे दोष ठरते. ख्रिस्ती परंपरेत वाइन संस्काराचा भाग आहे, पण दारूबाजी पाप आहे. बौद्ध आणि शीख परंपरांनी पेयच टाकले, कारण त्यांनी सावधपणाला सर्वांत वरचे स्थान दिले. एकाने मर्यादा दाराबाहेर आखली, दुसऱ्याने घराच्या आत. दोघांनाही जपायची होती ती जागी बुद्धी.

किनाऱ्याने भोगलेले

बोर्डीच्या परिसरात मद्याचा विचार नुसत्या तत्त्वांवर थांबू शकत नाही, कारण या किनाऱ्याने मद्याची दुसरी बाजूही सोसली आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर कर बसवला. गावोगावचे गाळप बंद झाले आणि दारूचे उत्पादन ठेकेदारांच्या हाती गेले. १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले गोळा करण्यावर व साठवण्यावरही निर्बंध आले. घरच्या झाडाची ताडी आणि मोहाची दारू देवाला वाहणाऱ्या आदिवासीला आता दुकानातून दारू विकत घ्यावी लागली. उधारी चढली, आणि उधारीपोटी जमिनी सावकारांकडे व दारूविक्रेत्यांकडे गेल्या. कायद्याने पिण्याची प्रथा मोडली नाही. तिची सामाजिक लगाम मात्र काढून घेतली आणि तिच्यातून महसूल उभा केला.

याला उत्तरही धर्माच्या भाषेतच मिळाले. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये देवीची एक चळवळ सुरू झाली आणि ती डहाणू, उंबरगाव करत दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. देवी माणसाच्या अंगात येऊन बोलते, अशी श्रद्धा होती. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या ठेकेदारांकडे मजुरीला जाऊ नका, असे तिचे आदेश होते. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. इथे दारू सोडणे म्हणजे देहदंड नव्हता. ज्याच्या हाती आपले कर्ज आणि आपली जमीन गेली, त्याच्या पकडीतून सुटण्याचा तो मार्ग होता. त्यागातून स्वातंत्र्य मिळते, ही अध्यात्मातली गोष्ट आदिवासींनी सावकाराच्या वहीसमोर खरी करून दाखवली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ४७ व्या कलमात मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असे म्हटले. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली आणि उंबरगावचा बराच भाग गुजरातकडे गेला. गुजरातने बंदी कायम ठेवली, तर महाराष्ट्राने ती पुढे सैल केली. म्हणून आज बोर्डीपासून थोड्याच अंतरावर, सीमेपलीकडे, तीच बाटली गुन्हा ठरते. कायद्याची रेषा अशी सरकते, यावरून एवढे समजते की कायदा शिक्षा ठरवू शकतो. बाटली समोर आल्यावर माणसाने काय करावे, याचे उत्तर त्याला स्वतःच द्यावे लागते.

फळाचा भाव आणि घराची किंमत

वाइनच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार मुद्दा शेतकऱ्याचा आहे. चिकू झाडावरून उतरवला की थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडतो. फळाचा गर दाबून रस काढायचा, यीस्टने त्यातल्या साखरेचे अल्कोहोल करायचे आणि गाळून साठवायचे, या प्रक्रियेने फेकले जाणारे फळ टिकाऊ माल होते. अर्धापूरच्या केळी उत्पादकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. वाऱ्याने बाग आडवी होणे आणि ऐन काढणीत भाव कोसळणे त्याने पाहिले आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा सरकारने हेच कारण पुढे केले होते.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच खरे आहे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांची किंमत कोणत्याही फळाच्या पट्टीत धरली जात नाही. महाराष्ट्रात गावातले दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची तरतूद आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली, म्हणजे बंदीचे चिन्ह, निवडली तर दुकान बंद होते, आणि अनेक गावांतल्या बायकांनी ती आडवी केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जाहीर केले. लाभ आहे, पण हानी अधिक, ही कुराणातली तुलना इथे सार्वजनिक धोरणाच्या रूपात पुन्हा समोर येते. लाभ आणि हानी वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात, ही त्यातली मुख्य अडचण आहे. लाभ बागायतदाराला, उद्योजकाला आणि पाहुण्याला होतो, तर हानी पिणाऱ्याच्या घरातल्यांना सोसावी लागते. त्यामुळे लाभाचा मुद्दा खरा असूनही एकटा पुरेसा ठरत नाही. चिकूचे लोणचे, वाळवलेल्या चकत्या आणि भुकटी हेही मार्ग आहेत, आणि अर्धापूरच्या केळीसाठी चिप्स व पिठाचे मार्ग खुले आहेत. मद्याला पर्याय नाही, असे मानण्याचे कारण नाही.

मर्यादा कशी ओळखावी

या सगळ्यातून बोर्डीच्या सहलीसाठी काही निकष निघतात. ज्याने व्रत घेतले आहे, मग ती माळ असो, प्रतिज्ञा असो की रहित मर्यादा, त्याला वाइन नाकारण्यासाठी कोणतेही स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. सोबत्यांच्या आग्रहाखातर व्रत मोडायला लावणे हा मैत्रीचा अपमान आहे. चिकूच्या वाडीत फिरणे, समुद्रस्नान आणि मुलांना कोसबाडची शाळा दाखवणे यांत विरंगुळा पुरेपूर आहे. पेल्यावाचून सहल अपुरी राहत नाही.

ज्याला व्रताचे बंधन नाही, त्याच्यासाठी तीन प्रश्न उरतात. बुद्धी जागी राहते का? कायद्यानेही याची एक किमान रेषा आखली आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे; धर्मविचाराची रेषा त्याच्याही बरीच अलीकडे असते. दुसरा प्रश्न, या आनंदाची किंमत दुसरा कोणी मोजतो का? घरखर्चाच्या पैशातून आलेला पेला, गावच्या मजुराला अपमानित करणारा गोंगाट किंवा किनाऱ्यावर फेकलेल्या बाटल्या या कसोटीत उतरत नाहीत. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे: हे सोडता येते का? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांमध्ये वावरूनही ज्याची इंद्रिये ताब्यात आहेत त्याला प्रसन्नता मिळते असे म्हटले आहे. जो पुढच्या शनिवारी पेल्यावाचून तितक्याच आनंदाने राहू शकतो, त्याच्याच बाबतीत आस्वादाला आस्वाद म्हणता येते. ज्याला राहता येत नाही, त्याच्यासाठी पूर्ण त्याग हीच मर्यादा आहे. त्याने आणि त्याच्या घरच्यांनी तो त्याग लाज न बाळगता स्वीकारावा.

धर्माचा विरोध विरंगुळ्याला नाही. मदाला आहे, आणि दुसऱ्याच्या दुःखावर उभ्या असलेल्या सुखाला आहे. अर्धापूरहून नांदेडला येऊन देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून डहाणू गाठणाऱ्या कुटुंबाने ही सहल जरूर करावी, समुद्र पाहावा, वाडीतला चिकू खावा. पेला उचलायचा की नाही हे ज्याने त्याने वर दिलेल्या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देऊन ठरवावे. आणि एकाही उत्तराबद्दल शंका असेल, तर तो खाली ठेवणेच योग्य.